केते : हाराकेकेच्या पात्यांची टोपली

वायकाटो नदीच्या काठी वसलेल्या हॅमिल्टन नगराच्या उत्तरेस ते रापा हा भाग आहे. आज तेथे कारखाने, गुदामे आणि एक विस्तीर्ण बाजारपेठ दिसते. १८६३-६४ च्या युद्धानंतर वसाहतीच्या सरकारने माओरी जनांपासून जो प्रदेश हिरावून घेतला, त्यातच ही भूमी होती. पुढे तेथे विमानदलाचे ठाणे झाले. ते १९९२ साली बंद पडले, आणि १९९५ च्या समझोत्यान्वये ती जमीन वायकाटो-ताइनुई जमातीस परत मिळाली. बाजारपेठ वसविली ती या जमातीनेच. १ जुलै २०१९ पासून देशभर दुकानांतून प्लास्टिकच्या पातळ पिशव्या देण्यास मनाई झाली, तेव्हा या बाजारात जाणाऱ्या प्रत्येक गृहिणीपुढे एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला : सामान आणावयाचे कशातून? या भूमीने त्याचे उत्तर कित्येक शतकांपूर्वीच देऊन ठेवले आहे. त्या उत्तराचे नाव केते.

केते म्हणजे हाराकेके या वनस्पतीच्या पात्यांची विणलेली टोपली किंवा पिशवी. हाराकेके दिसावयास आपल्या घायपातासारखे. लांब, ताठ, तलवारीसारख्या पात्यांचे. ते पाणथळीत विशेष जोमाने वाढते, आणि वायकाटोचे खोरे हे एके काळी दलदलींचेच खोरे होते. माओरी लोक या वनस्पतीच्या जुडग्याकडे कुटुंब म्हणून पाहतात. मधला कोवळा कोंब हे मूल. त्याला दोन्ही बाजूंनी कवटाळून असलेली पाती हे मायबाप. या तिघांना कधी कापावयाचे नाही. त्यांच्या बाहेरची पाती म्हणजे आजे-पणजे. तेवढीच घ्यावयाची, आणि तीही प्रार्थना म्हणून, दिवसाउजेडी, पाऊस नसताना. विणून उरलेल्या कातरणी इतस्ततः न टाकता पुन्हा झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवतात. ज्यांच्या घरी तिन्हीसांजेनंतर तुळशीला हात लावीत नाहीत, त्यांना हा आचार परका वाटण्याचे कारण नाही. अन्नाची टोपली निराळी आणि इतर वस्तूंची निराळी, हा त्यांचा दंडकही आपल्या सोवळ्याओवळ्याच्या जवळचाच आहे.

पाने कापल्यावर ती नखाने सारख्या रुंदीच्या पट्ट्यांत चिरतात, आणि सुरीच्या बोथट कडेवरून ओढून नरम करतात. कंद काढण्यासाठी विरळ विणीची टोपली, जेवण वाढण्यासाठी लहानशी द्रोणवजा टोपली, सणासमारंभासाठी नक्षीदार केते, असे तिचे नाना प्रकार. नक्षीत पायऱ्यांची आकृती असते, चपट्या मासळीची चौकट असते. काळा रंग चढवावयाचा तो आधी सालीच्या तुरट काढ्यात आणि मग विशिष्ट ठिकाणच्या लोहयुक्त चिखलात बुचकळून. पुराणकथेत तर ज्ञानसुद्धा टोपल्यांतूनच आले : ताने हा देव उच्चतम स्वर्गातून तीन केते भरून ज्ञान घेऊन आला, असे माओरी मानतात.

या पात्यांतील चिवट धाग्यावर युरोपीयांची दृष्टी लवकरच गेली. जहाजांना दोर हवे होते, शिडांना कापड हवे होते. १७९३ साली नॉरफोक बेटावरील वसाहतीच्या सेवेसाठी तुकी आणि हुरू या दोन माओरी पुरुषांना उत्तर किनाऱ्यावरून पळवून नेण्यात आले. त्यांनी कैद्यांना धागा काढण्याची विद्या शिकवावी, हा हेतू. परंतु ते काम स्त्रियांचे. या दोघांना त्यातले फारसे काहीच येत नव्हते! अखेरीस बेटाचा अधिकारी फिलिप किंग याने त्याच वर्षी त्यांना स्वदेशी पोचविले. विद्या नेमकी कोणाच्या हातात आहे, हे विचारण्याचे सुचले नाही म्हणून हा सारा खटाटोप व्यर्थ गेला. पुढे १८२०-३० च्या सुमारास बंदुका मिळविण्यासाठी माओरींनी स्वतःच मणावारी धागा काढून विकला. मागाहून गिरण्या आल्या.

विसाव्या शतकात विणकामाला उतरती कळा लागली. दूधधंद्यासाठी दलदली आटवून कुरणे झाली, हाराकेकेची बेटे नष्ट झाली, तयार कापड आणि पोती स्वस्त मिळू लागली. आपल्याकडे बुरुडाच्या सुपा-टोपल्यांच्या जागी प्लास्टिकची घमेली आली त्याहून ही हकीकत फार वेगळी नाही. मात्र लग्नात झालीसाठी आणि गौरीच्या ओवशासाठी आजही बांबूचेच सूप-टोपली शोधावी लागते, तेव्हा बुरुडाची आठवण होते.

माओरी विद्या तगली ती काही स्त्रियांच्या निश्चयामुळे. हॅमिल्टनच्या दक्षिणेस सुमारे ८० किलोमीटरवर ते कुइती येथे रांगीमारिए हेतेत (१८९२-१९९५) राहत. त्यांची ख्याती मुख्यतः विणलेल्या अंगरख्यांसाठी. ही विद्या आपल्याच कुळात, आपल्याच जमातीत द्यावयाची, असा जुना संकेत होता. १९५१ साली माओरी स्त्री-कल्याण संघ स्थापन झाल्यावर रांगीमारिए यांनी तो संकेत बाजूस सारला आणि अन्य जमातींच्या स्त्रियांनाही शिकविले. संकेत मोडणे सोपे नव्हते. कारण तो विद्येच्या पावित्र्यासाठीच होता. परंतु पात्र शिष्या कुळात नसेल तर पावित्र्यासह विद्याही जाईल, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या कन्या डिगेरेस ते कानावा (१९२०-२००९) यांनी हेच कार्य पुढे चालविले. हॅमिल्टनच्या वायकाटो संग्रहालयात या मायलेकींचे काम जतन केलेले आहे. १९८३ साली तोकोमारू उपसागरी देशभरच्या विणकर स्त्रियांचे पहिले संमेलन भरले. तसेच गिसबर्नच्या रेने ऑर्चिस्टन यांनी विणकामास योग्य अशा हाराकेकेच्या पन्नासांहून अधिक जाती जमवून १९८७ साली शासकीय संशोधनसंस्थेस दिल्या. एरवी कला उरली असती आणि पाती मिळाली नसती.

आज बाजारात परदेशी बनावटीच्या स्वस्त टोपल्याही केते म्हणून खपतात. घेणाऱ्याने दोनच गोष्टी विचाराव्यात : कोणी विणली, आणि पाती कोठली? खरी विणकर या प्रश्नाने रुष्ट होत नाही. बहुधा आपल्या हाराकेकेच्या बेटाचे ठिकाणच सांगू लागते. तिने दाम अधिक मागितला तर तो पाती निवडण्यात, चिरण्यात, रंगविण्यात गेलेल्या दिवसांचा आहे. संक्रांतीचे वाण किंवा मुलीच्या लग्नातील भेट म्हणून अशी एक केते दिली तर ती वर्षानुवर्षे हाती राहील.

मात्र विणकर स्त्रीजवळ तिची स्वतःची पहिली केते पाहावयास मागू नये. शिकणारीने विणलेली पहिली टोपली, मग ती कितीही वाकडीतिकडी असो, दुसऱ्यास देऊन टाकावयाची असते. ती तिच्या घरी सापडत नाही.