गिअरचा दांडा वरून खाली कसा आला?

हेडफोन लावा, आज आपण एका दांड्याचा इतिहास ऐकणार आहोत. हसू नका. हा दांडा म्हणजे गाडीचा गिअर. तो आधी स्टिअरिंगला चिकटलेला असायचा, आता दोन सीटच्या मधे असतो. मधल्या काळात काय झालं, ते आज बघू.

सुरुवात आमच्या घरापासून करतो. कुणकेश्वरला काकांकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, स्टिअरिंगवरच्या गिअरची. गेल्या महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी, यात्रेची गर्दी सुरू झालेली, आणि देवळाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर गाडी रिव्हर्समध्ये अडकली. दांडा हलेचना. मागे एसटी, पुढे टेम्पो, आणि आमची गाडी फक्त मागे जायला तयार! शेवटी एकाने बॉनेट उघडून खालचा रॉड हाताने हलवला, तेव्हा कुठे ती न्यूट्रलला आली.

मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी निकाल दिला, "ह्यो दांडो खाली घेऊया. कटकटच संपात." म्हणजे फ्लोअर शिफ्ट करून टाकू. काका पासष्टी ओलांडलेले, त्यांचा खांदा दुखतो, ते लगेच तयार. मी मात्र नाही म्हणालो. का नाही, हे मला तेव्हा नीट सांगता येईना. म्हणून शोधायला बसलो.

तर मुळात हा गिअर वर गेला कधी? सुरुवातीच्या बहुतेक गाड्यांमध्ये दांडा जमिनीतूनच यायचा, कारण गिअरबॉक्स तिथेच खाली असतो. सरळ रस्ता. १९३८-३९ च्या सुमारास अमेरिकन कंपन्यांनी तो उचलून स्टिअरिंग कॉलमवर नेला. कारण साधं होतं: पुढची सीट सलग, बाकासारखी. मधला दांडा गेला की तिथे तिसरा माणूस बसतो. अमेरिकेत गाड्यांबरोबर पिकअप ट्रकही तसेच आले. तीन गिअर, दांडा वर, आणि सीटवर तिघं शेजारी शेजारी. काही पिकअपमध्ये ही पद्धत १९८० च्या दशकापर्यंत टिकली.

आपल्याकडे ही पद्धत दोन गाड्यांनी घरोघरी नेली. एक अ‍ॅम्बेसेडर, मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली. दुसरी आपली मुंबईची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. तिथून १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि १९७४ पासून तिचं नाव झालं पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, चार गिअर, दांडा स्टिअरिंगवर.

आता ज्यांनी ही गाडी फक्त सिनेमात पाहिलीय त्यांच्यासाठी सांगतो. गणपतीला आम्ही मुंबईहून गावी यायचो तेव्हा पुढच्या सीटवर काका, मधे आजी, खिडकीशी बाबा आणि त्यांच्या मांडीवर मी. मागे आई, काकू आणि दोन चुलत भावंडं. आठ जण! आजीला खिडकी नको असायची. "माका मधीच बसूचा आसा," म्हणायची, कारण तिथून समोरचा रस्ता दिसतो. नांदगावच्या तिठ्यावरून गाडी देवगडकडे वळली की ती पिशवी आवरायला लागायची. ही जागा त्या दांड्यामुळे होती. तो खाली असता तर आजीला मागे जावं लागलं असतं.

मग हा दांडा खाली का आला? यात आधी त्याचं यंत्र समजून घ्या. स्टिअरिंगवरचा दांडा दोन कामं करतो. पुढे-मागे केला की तो ठरवतो कुठल्या जोडीतला गिअर हवा, आणि वर-खाली केला की तो गिअर टाकतो. ही हालचाल कॉलमला समांतर असलेल्या शाफ्टमधून खाली जाते, तिथून छोटे आर्म, मग रॉड, मग गिअरबॉक्स. प्रत्येक सांध्यात एक बुश. बुश झिजला की थोडीशी ढिलाई येते. अशी चार-पाच ठिकाणची ढिलाई एकत्र झाली की वर तुम्ही पहिला टाकता आणि खाली पोचतं भलतंच. कोकणातली खारी हवा आणि पाऊस यात भर घालतात.

त्यात गिअर वाढले. तीन गिअरला हा लांबचा रस्ता परवडतो, चारला सांभाळून घ्यावं लागतं, पाचला अवघड जातं. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० ची पहिली चावी दिली गेली. तिच्यात पुढे दोन वेगळ्या सीट आणि मधे दांडा. लोकांना तेच आधुनिक वाटू लागलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅम्बेसेडरला इसुझुचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स आला, तेव्हा तिचाही दांडा खाली उतरला. अगदी शेवटच्या काळातल्या काही पद्मिनींचंही तेच झालं. म्हणजे कंपनीने स्वतःच हे रूपांतर केलं होतं!

हौशी लोक तर आधीपासूनच करत होते. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या शेवटी जॉर्ज हर्स्ट यांच्या कंपनीने फ्लोअर शिफ्टर विकायला सुरुवात केली. बाजूला आर्म असलेल्या गिअरबॉक्समध्ये आतलं काही बदलत नाही, फक्त बाहेरचा रस्ता बदलतो. जुने रॉड काढायचे, नवा शिफ्टर बॉक्सजवळ ब्रॅकेटवर बसवायचा, टनेलला भोक पाडायचं आणि त्यावर रबरी बूट लावायचा. खरी मेख एकच: दोन्ही आर्म न्यूट्रलला असताना शिफ्टरमध्ये पिन घालून मग रॉडची लांबी जुळवायची. हे चुकलं तर गिअर अर्धवट लागतो, सुटतो किंवा बॉक्स अडकतो. आणि भोक एकदा पडलं की पडलं. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, त्याला रोलबॅक नाही.

इथे मला माझ्या नकाराचं कारण सापडलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. आता ज्या उरल्यात त्या अशाच कुणाच्या तरी अंगणात. त्यातली एक आपण कापायची?

पण काकांचंही बरोबर होतं. ते म्हणाले, "चालवता येत नसेल तर ती गाडी नाही, शोपीस आहे." आणि खांदा माझा नाही, त्यांचा दुखत होता.

मग आम्ही मधला मार्ग काढला. भोक पाडण्याआधी झिजलेलं बदलून बघू. सगळे बुश नवे घातले, सांधे साफ करून ग्रीस भरलं, रॉड जुळवले. पहिले इंजिन बंद ठेवून चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहिले, मग गाडी बाहेर काढली. दांडा एका हाताने, खांदा न उचलता पडायला लागला. दोष दांड्याच्या जागेचा नव्हता, इतक्या वर्षांत न केलेल्या देखभालीचा होता.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर फ्लोअर शिफ्ट करू नका असं मी म्हणणार नाही. बॉक्सच बदलायचा असेल तर तो करावा लागेलही. फक्त आधी बुश बघा, काढलेले भाग जपून ठेवा आणि आरटीओत विचारून घ्या.

राहिली मधली जागा. तिथे बेल्ट नाही, त्यामुळे आज तिथे माणूस बसवणं चूकच. मी काकांना म्हटलं, आता रिकामीच राहणार की ती. त्यांनी मे महिन्यात उत्तर दिलं. डिकीत उकडतो म्हणून हापूसची पेटी पुढे मधे ठेवली, वर एक हात टाकला आणि निघाले देवगडला.

तुमच्या घरच्या गाडीत मधे कोण बसायचं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोवर, सावकाश चालवा!