गुंठा-दीड गुंठ्यात घर बांधायचंय? आर्किटेक्टकडे जाण्याआधी आणि गेल्यावर काय करायचं, वाचा सविस्तर

धायरी (पुणे) : सिंहगड रस्त्यावरच्या धायरी, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी भागात शेती कमी होत गेली आणि गुंठा-दीड गुंठ्याचे प्लॉट वाढत गेले. कुणी वडिलोपार्जित जमिनीत घर बांधतो, कुणी गावाकडची जमीन विकून इथं प्लॉट घेतो. घर बहुतेक आयुष्यात एकदाच होतं. तरीही पुष्कळ जण आधी गवंडी ठरवतात, पाया खोदतात आणि नकाशा, परवानगीचं नंतर बघू म्हणतात. मग बँक कर्ज नाकारते, महापालिकेची नोटीस येते, किंवा जिना चुकीच्या जागी बसतो आणि तो जन्मभर सोसावा लागतो. हे टाळायचं तर सुरुवात कुठून करावी, याची ही माहिती.

आधी बघा, गाव कुणाच्या हद्दीत

ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं पुणे महापालिकेत घेतली, त्यात धायरी होती. नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं जून २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या आणखी २३ गावांपैकी आहेत. मात्र या २३ गावांच्या नियोजनाचे अधिकार शासनाने पीएमआरडीएकडे दिले. म्हणजे शेजारी-शेजारी गावं, पण परवानगीचं कार्यालय वेगळं असू शकतं. तालुक्यातल्या ज्या गावांत अजून ग्रामपंचायत आहे, तिथली रीत आणखी वेगळी. म्हणून आपल्या गट नंबरला बांधकाम परवानगी नेमकं कोण देतं, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. शेजाऱ्याने कुठून परवानगी घेतली, त्यावर जाऊ नये.

कागदं आधी, नकाशा नंतर

आर्किटेक्टकडे जाताना पिशवीत ही कागदं असली तर अर्धं काम होतं :

– चालू सातबारा आणि ८ अ, किंवा गावठाणात असाल तर मिळकत पत्रिका
– खरेदीखत, इंडेक्स २ आणि नाव लागल्याचा फेरफार
– सरकारी मोजणीचा नकाशा (क प्रत)
– झोन दाखला, म्हणजे जमीन रहिवासी भागात की शेती विभागात ते कळतं
– एनए आदेश आणि मंजूर लेआऊट, असेल तर
– प्लॉटपर्यंत येणाऱ्या रस्त्याची रुंदी आणि तो रस्ता कुणाच्या नावावर आहे त्याचा कागद

यात मोजणी सर्वांत महत्त्वाची. सातबाऱ्यावर दीड गुंठा लिहिलेला असतो, पण तो जागेवर नेमका कुठं, ते मोजणीशिवाय सिद्ध होत नाही. खासगी सर्व्हेअरचा नकाशा आर्किटेक्टला कामाला येतो, पण हद्दीच्या वादात भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच धरली जाते.

सातबाऱ्यावर सामाईक नाव असेल तर इतर खातेदारांची संमती लागते. भावाभावांत वाटप झालेलं असेल पण कागदावर नसेल, तर आधी ते नोंदवून घ्या. ‘दादा काही बोलणार नाही’ यावर स्लॅब टाकू नये. दादा बोलत नाही, पण पुढं त्याची मुलं बोलतात.

प्लॉट गुंठेवारीतला असेल तर जास्त सावध राहावं. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला लागू झाली. आपला प्लॉट त्यात बसतो का, की आरक्षणात, डोंगरउतारावर किंवा नियोजित रस्त्यात जातो, हे विकास आराखड्यावर पाहून घ्या. १:५ पेक्षा जास्त उतार असलेल्या जागेवर बांधकाम करता येत नाही. जागा यात अडकलेली असेल तर कितीही चांगला आर्किटेक्ट तिथं कायदेशीर घर उभं करू शकत नाही, आणि प्रामाणिक आर्किटेक्ट हे पहिल्याच भेटीत सांगतो.

दीड गुंठ्यात किती घर बसतं?

डिसेंबर २०२० पासून मुंबई व काही भाग सोडून राज्यभर एकच बांधकाम नियमावली लागू आहे. तिला युडीसीपीआर म्हणतात. त्यात छोट्या प्लॉटला सवलत आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर नेहमीच्या पद्धतीची परवानगी लागत नाही. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत परवानगी मिळण्याची सोय आहे. ग्रामपंचायत हद्दीतही याच धर्तीवर सुमारे १,६०० आणि ३,२०० चौरस फुटांचे टप्पे आहेत.

इथंच बरेच जण फसतात. ‘परवानगी नको’ म्हणजे नकाशा नको, असं नाही. मालकीचे कागद, नकाशा, तो नियमात बसतो असं आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरचं प्रमाणपत्र आणि शुल्क भरल्याची पावती हे सगळं द्यावंच लागतं.

दुसरी गंमत आकड्यांची. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दीड गुंठा होतो १५१.७६ चौरस मीटर. म्हणजे पावणेदोन मीटरसाठी दीड गुंठेवाला पहिल्या टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात जातो. मोजणीचा आकडा अचूक हवा तो यासाठीच.

बांधकाम किती करता येईल, ते एफएसआयवर ठरतं. महापालिका हद्दीत गावठाणाबाहेर मूळ एफएसआय १.१० आहे. दीड गुंठ्याला १,६३३ गुणिले १.१० म्हणजे सुमारे १,७९६ चौरस फूट. त्यावर शुल्क भरून काही जादा बांधकाम मिळतं. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर विकतचा जादा एफएसआय आणि टीडीआर मिळत नाही. शिवाय पुढं, मागं, बाजूला सोडायची जागा वेगळी. त्यामुळे ‘चार मजले सहज होतील’ असं प्लॉट विकणारा सांगत असेल तर आधी आर्किटेक्टकडून हिशोब करून घ्यावा. प्लॉट घेण्याआधी असा सल्ला फी देऊन घेतला तरी स्वस्त पडतो.

आर्किटेक्ट कोण, इंजिनिअर कोण?

गावात नकाशा काढणाऱ्या प्रत्येकाला आर्किटेक्ट म्हणतात. कायद्याने तसं नाही. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच ही पदवी लावता येते. नोंदणी क्रमांक ‘सीए’ने सुरू होतो, आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर नावानिशी तपासता येतो. क्रमांक मागायला लाजू नका. खरा आर्किटेक्ट त्याचा राग धरत नाही.

स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगळा. खोल्या, उजेड, जिना हे आर्किटेक्ट ठरवतो. कॉलम किती जाडीचा, त्यात सळई किती, पाया किती खोल हे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो. धायरी परिसरात एका ठिकाणी दोन फुटांवर मुरूम लागतो, तर थोडं पुढं काळी माती किंवा भराव. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भिंतींना तडे जातात. म्हणून पाया ‘शेजाऱ्यासारखाच’ करून चालत नाही. किल्लारीचा १९९३ चा भूकंप आणि कोयनेचा १९६७ चा आपल्याच राज्यातला आहे. दोन मजले चढवणार असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या फीमध्ये काटकसर नको.

लहान घराला आर्किटेक्ट कशाला?

हा प्रश्न नेहमी येतो. येरवड्यात बीएसयूपी योजनेत जुन्या वस्तीतली घरं जागच्या जागी पुन्हा बांधली गेली, ती जेमतेम २७० चौरस फुटांची. स्पार्क आणि महिला मिलन या संस्थांसोबत आर्किटेक्ट प्रसन्न देसाई यांनी तिथं रहिवाशांशी बोलून नकाशे केले. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात ४५ ते ७५ चौरस मीटरच्या प्लॉटवर अशी घरं आखली, की शेजाऱ्याची भिंत सामाईक नाही आणि कुटुंब वाढेल तसं घर वाढवता येतं. जागा कमी असते, तेव्हाच डोकं जास्त लागतं. मोठ्या बंगल्यात तीन फूट वाया गेले तर चालतं. गुंठ्यात तीन फूट म्हणजे संडास-मोरीची जागा.

पहिल्या भेटीत काय सांगायचं?

‘टू बीएचके काढा’ एवढं सांगू नका. घरातल्या सगळ्यांना विचारून एका कागदावर लिहून न्या.

घरात माणसं किती, म्हातारी माणसं कोण? त्यांची खोली आणि संडास तळमजल्याला हवा. वरचा मजला भाड्याने देणार का? मग जिना बाहेरून घ्यावा, म्हणजे भाडेकरू घरातून जाणार नाही. पुढं गाळा काढायचा का? मोटारसायकली किती, पाण्याची टाकी, बोअर कुठं? धान्य, औजारं, गाय आहे का? सणाला पाहुणे किती? स्वयंपाक करणाऱ्या बाईला ओटा किती उंच हवा, ते तिलाच विचारा. वास्तुशास्त्र किती पाळायचं, तेही आधीच सांगा. नकाशा झाल्यावर देवघर ईशान्येला सरकवायचं म्हटलं की सगळंच हलतं.

बजेट खरं सांगा. आर्किटेक्ट खर्च वाढवेल म्हणून कमी सांगायची सवय वाईट. हातात किती, कर्ज किती, ते सांगून दहा-पंधरा टक्के हातचा राखा. पैसे कमी असतील तर आता तळमजला आणि पुढं वरचा मजला असं टप्प्याने करता येतं. पण वरच्या मजल्याचा भार धरून पाया आणि कॉलम आताच करावे लागतात.

आर्किटेक्टला प्लॉटवर न्याच. पश्चिमेचं ऊन, पावसाची झड, रस्त्याची उंची, शेजाऱ्याची खिडकी हे जागेवरच दिसतं. प्लॉट रस्त्यापेक्षा खाली असेल तर जोते किती वर घ्यायचं, हे तेव्हाच ठरतं.

फी आणि करार

फी तीन प्रकारे ठरते : बांधकाम खर्चाच्या टक्क्यावर, चौरस फुटावर किंवा ठोक. कुठलीही असो, टप्प्याटप्प्याने द्या आणि लेखी करून घ्या. करारात एवढं हवं :

– नकाशात किती वेळा बदल करून मिळतील
– परवानगीचे नकाशे, कामाचे नकाशे, वीज आणि नळाचे नकाशे यात धरले का
– स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी आत की वेगळी
– साइटवर किती भेटी आणि कोणत्या वेळी
– सरकारी शुल्क कोण भरणार, जीएसटी वेगळा का
– काम मध्येच थांबलं तर हिशोब कसा

सरकारी शुल्काची पावती आपल्या नावाची घ्या. पावती नसलेला ‘वरचा खर्च’ कुणी मागत असेल तर तिथंच थांबा.

काम सुरू झाल्यावर

परवानगीचा नकाशा हा ऑफिससाठी असतो. गवंड्याला मापं, सळई, खिडक्या दाखवणारे कामाचे नकाशे वेगळे लागतात. ते हातात आल्यावरच ठेकेदारांकडून दर मागवा, म्हणजे सगळ्यांचे दर एकाच कामाचे येतात. निदान तीन वेळी आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर साइटवर हवाच : आखणीला, जोत्याला आणि स्लॅब भरण्याआधी सळई तपासायला. स्लॅब भरल्यावर आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

सगळं झालं की भोगवटा प्रमाणपत्र घ्या. बरेच जण वास्तुशांत झाली की हे विसरतात. महापालिका हद्दीत बेकायदा बांधकामाला मिळकत करावर शास्ती लागते, आणि घर विकताना किंवा त्यावर कर्ज काढताना हाच कागद मागतात. सोलर किंवा पावसाच्या पाण्याची सोय केली तर पुणे महापालिका मिळकत करात ५ टक्के सूट देते, दोन्ही केलं तर १० टक्के. त्याची जागाही नकाशातच धरून ठेवा.

थोडक्यात क्रम असा : हद्द आणि झोन, मोजणी, कागदं, आर्किटेक्टची नोंदणी तपासणी, घरच्यांची यादी आणि खरं बजेट, लेखी करार, नकाशा व स्ट्रक्चरल डिझाइन, परवानगी, मग ठेकेदार. पहार सगळ्यात शेवटी.