यंत्र सुधारणारें यंत्र

मिलिंग यंत्राची मोठी सुधारणा एका क्षुल्लक अडचणींतून झाली. अमेरिकन यादवीच्या काळांत बंदुकीच्या भागांना भोंकें पाडण्यासाठीं पिळदार ड्रिल लागत, आणि त्यांच्या खांचा कारागीर गोल कानशीनें हातांनीं घाशीत. १८६२ सालीं प्रॉव्हिडन्स शहरीं जोसेफ ब्राऊन यानें मेज तिरपें फिरणारें ‘युनिव्हर्सल’ यंत्र रचिलें. तें कंटाळवाणें काम यंत्राकडे गेलें.

इकडे बेळगांवांत सायकलींच्या दुकानापासून निघालेले लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० सालीं किर्लोस्करवाडीस आले, आणि १९४१ सालीं हरिहर येथें किर्लोस्करांचा लेथ बनविण्याचा कारखाना उभा राहिला. अशीं यंत्रें तेव्हां कारखान्यांचीच मिरास होती. आतां मेजावर मावणारें मिलिंग यंत्र रनाळ्यासारख्या गांवींहि घरांत बसूं शकतें.

पण त्याचें दुखणें मळसूत्रांत असतें. कटर ज्या दिशेनें कापतो त्याच दिशेनें मेज सारलें, तर मळसूत्र आणि नट यांमधील ढिलाईमुळें कटर कामाचा तुकडा एकाएकीं आंत ओढतो. कटर तुटतो, क्वचित् हातहि जायबंदी होतो. म्हणून मोठी मोटर बसविण्याची हौस आधीं आवरावी. ढिल्या यंत्रास अधिक जोर देणें म्हणजे अपघातास आमंत्रणच! प्रथम मेजाच्या पट्ट्या आवळाव्या, मग नट दुभागून त्याचीं दोन शकलें स्क्रूनें परस्परांपासून दूर रेटावीं, म्हणजे ढिलाई मरते. मात्र नव्या नटाचा ठोकळा त्याच जुन्या यंत्रावर, तें उकलण्यापूर्वीं, कापून घ्यावा लागतो.