मुक्या यंत्राचे पहिले शब्द

नवीन पनवेलच्या एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप येतो. बटण दाबताच पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. ‘बोर्ड गेला’ असा निर्वाळा मिळतो आणि नव्या बोर्डाचे पैसे मोजावे लागतात. बोर्ड खरोखरच गेला, की त्याला आपले दुखणे सांगता आले नाही? आम्हांस हा प्रश्न इतिहासाचा वाटतो.

१९६० साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ‘टिफ्रॅक’ यंत्र सुरू झाले, तेव्हा ते घडविणारे त्याच्याजवळच होते. पुढे यंत्र घरोघरी गेले आणि घडविणारा दूर राहिला. मध्ये उरला सिरियल पोर्ट. बटण दाबताच प्रथम चालते ते चिपमधील फर्मवेअर. रॅम जागी करण्याचे कामही त्याचेच. रॅम झोपलेली असतानाही सिरियल पोर्टातून ते एकेक अक्षर बाहेर पाठवू शके. शेवटचे अक्षर कुठले आले, यावरून घोडे कुठे अडले ते कळे.

१९९६ साली यूएसबी आली. ती घडविणाऱ्यांत इंटेलमधील आपले शेजारी, बडोद्याचे अजय भट्ट, होते. सोय मोठी झाली खरी. पण हळूहळू लॅपटॉपवरून सिरियल पोर्ट नाहीसा झाला. यूएसबीचा नियंत्रक तर आपल्या कामाची यादी रॅममधून वाचतो! रॅमच बिघडली असेल, तर ती तक्रार सांगणार कोण?

यावर २००२ च्या ईएचसीआय प्रमाणात एक चोरवाट ठेवली गेली. एका पोर्टाला यादीशिवाय, थेट नियंत्रकाच्या रजिस्टरांतून, एका वेळी आठ बाइट पाठविता येत. दोन संगणक साध्या तारेने जोडून मात्र भागत नसे, कारण दोघेही यजमान! मध्ये एक खास उपकरण लागे. ही सोय ऐच्छिक होती. आणि असली तरी नेमका पोर्ट कोणता, हे बाहेरून कळत नसे, एकेक चाचपून पाहावा लागे. १९९९ साली लॉस अ‍ॅलामॉस येथे रॉन मिनिक यांनी सुरू केलेल्या, पुढे ‘कोअरबूट’ नाव पावलेल्या खुल्या फर्मवेअरच्या कर्त्यांनी हा खटाटोप आनंदाने केला. आम्हांस त्यांचे कौतुक वाटते ते याचसाठी. निर्मात्याने झाकलेले यंत्र त्यांनी बोलते केले.

पुढे यूएसबी ३ आली. तिच्या नियंत्रकातील नव्या सोयीला ते मधले उपकरण लागत नाही, खास तार पुरते. मात्र तिच्या कामाच्या रांगा पुन्हा रॅममध्येच मांडाव्या लागतात.