मुंजा आणि गॉब्लिन

मुंज झाल्यानंतर, परंतु सोडमुंजेपूर्वी मरण पावलेला बटू पिंपळावर वास करतो, अशी मराठी लोकसमजूत आहे, तोच मुंजा. पाश्चात्त्य लोककथांतील बुटका, खोडकर गॉब्लिन हा त्याचा दूरचा सोबती. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांच्या भूमिकाखेळात तो अवतरला, तो नवख्या खेळाडूंनी मारावयाचा किरकोळ शत्रू म्हणून. २०१९ मध्ये ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीने मात्र खेळाडूंसाठीच्या मुख्य वंशांत त्याला स्थान दिले. मुंजाही २०२४ मध्ये ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटातून पडद्यावर आला. खेळातील भुताला मारणे ही करमणूक होय. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे.