वाद्यवृंदामागील लेखणी

एखादें गीत कानास गोड लागलें म्हणजे आपण प्रथम गायकाचें नांव विचारतों, मग संगीतदिग्दर्शकाचें. त्या गीतांतील अनेक वाद्यांपैकीं कोणतें केव्हां बोलावें आणि केव्हां स्वस्थ राहावें हें कोणीं ठरविलें, असें विचारणारा रसिक विरळाच. अमेरिकेंत १९३५ ते १९४५ या दशकांत लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या ‘स्विंग’ नामक नृत्यसंगीताचा इतिहास पाहतां, हा न विचारलेला प्रश्नच अधिक महत्त्वाचा आहे असें आम्हांस वाटतें.

स्विंग हें जाझचेंच एक रूप. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जाझमध्यें पांचसात वादक एकमेकांचा माग घेत उत्स्फूर्तपणें वाजवीत. परंतु बारापंधरा वादक एकत्र बसले असतां त्याच रीतीनें नुसता गोंगाट झाला असता. न्यू यॉर्कमधील कृष्णवर्णीय वृंदप्रमुख फ्लेचर हेंडरसन व त्यांचे सहकारी डॉन रेडमन यांनीं यावर तोड काढली. सॅक्सोफोनांचा एक गट, ट्रंपेट-ट्रॉम्बोनांचा दुसरा. एकानें प्रश्न करावा, दुसऱ्यानें उत्तर द्यावें. पियानो, बास व ढोल यांनीं ठेका सांभाळावा. हें सारें कागदावर लिहिलेलें असे; मात्र मध्येंच कांहीं आवर्तनें एखाद्या वादकासाठीं मोकळीं सोडलेलीं असत. १९२४ सालीं लुई आर्मस्ट्राँग या वृंदांत आले, तेव्हां त्या मोकळ्या जागेंत केवढें सामर्थ्य भरतां येतें हें सर्वांस कळून आलें. बंदिशीच्या चौकटींत राहून विस्तार करणारा गवई आमच्या वाचकांच्या परिचयाचा आहेच. त्यांस ही कल्पना परकी वाटणार नाहीं.

हेंडरसन हे रसायनशास्त्राचे पदवीधर, पण व्यवहारांत ढिले. १९३४ च्या सुमारास त्यांचा वृंद मोडकळीस आला व त्यांनीं आपल्या लिखित रचना बेनी गुडमन या गोऱ्या क्लॅरिनेटवादकास विकल्या. २१ ऑगस्ट १९३५ रोजीं लॉस एंजेलिस येथील पालोमार नृत्यगृहांत गुडमन यांच्या वृंदानें त्या वाजवितांच तरुण श्रोते बेभान झाले, आणि त्या रात्रीपासून स्विंगचें युग सुरू झालें असें इतिहासकार मानूं लागले. ‘स्विंगचा राजा’ ही पदवी गुडमन यांस मिळाली. त्यांनीं हेंडरसन यांचें ऋण लपविलें नाहीं. टेडी विल्सन व लायोनेल हॅम्प्टन या कृष्णवर्णीय वादकांस त्यांनीं उघडपणें आपल्याबरोबर व्यासपीठावर बसविलें, आणि १९३८ सालीं कार्नेगी सभागृहांतही नेलें. त्या काळीं हें धाडसच होतें. तथापि वर्णभेदाच्या त्या जगांत मोठमोठ्या हॉटेलांचे दरवाजे गोऱ्या वृंदांस जितके सहज उघडत, तितके काळ्यांस उघडत नसत. हेंडरसन १९५२ सालीं वारले. तोंवर राजाचें नांव घरोघर पोंचलें होतें, लेखकाचें मात्र जाणत्यांपुरतेंच राहिलें होतें.

सगळें स्विंग लेखणींतून उतरलें असें मात्र म्हणतां येणार नाहीं. कान्सस सिटीहून आलेल्या काउंट बेसी यांच्या वृंदांत कित्येक रचना तोंडींच ठरत. पण गटागटांचा संवाद आणि एकास मोकळीक हा सांचा तेथेंही होता, व तोच टिकला. महायुद्धानें वादक सैन्यांत गेले, १९४२ सालीं वादकसंघानें ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला, १९४४ सालीं नृत्यगृहांवर जबर कर बसला, आणि मोठे वृंद एकामागून एक मोडले. तरीही अमेरिकेंतील शाळा-महाविद्यालयांचे जाझवृंद आजही बव्हंशीं त्याच गटांनीं बसतात.

हा सांचा आमच्या दाराशींही आला. १९३५ सालीं लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागला. गोव्याच्या चर्चशाळांत लहानपणींच स्वरलेखन शिकलेल्या वादकांनीं ही विद्या उचलली, आणि पुढें तेच चित्रपटसृष्टींत शिरले. ‘चिक चॉकलेट’ या नांवानें गाजलेले ट्रंपेटवादक अँटोनिओ झेवियर वाझ हे सी. रामचंद्र यांचे साहाय्यक होते. पुणतांब्यास जन्मलेल्या या मराठी संगीतकाराच्या ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटांत चिक यांचा वृंद पडद्यावरही दिसतो. पुढें शंकर-जयकिशन यांच्या गीतांची वाद्ययोजना सेबॅस्टियन डिसूझा यांनीं दीर्घकाळ केली. चाल दिग्दर्शकाची, तिला भरजरी वस्त्र नेसविणारा हात पुष्कळदां गोमंतकीयाचा. आणि येथेंही श्रोत्यांच्या मुखीं नांव राहिलें तें पहिल्याचेंच.

यांत दिग्दर्शकाचें अगर गुडमन यांचें श्रेय कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण समूहानें निर्मिलेल्या कलेंत एकाच नांवाचा जयघोष करण्याची संवय आपण सोडूं शकलों, तर या संगीताचा वारसा आपण खऱ्या अर्थानें स्वीकारला असें होईल. पुढच्या वेळीं घरांत एखादें जुनें गीत लागेल, तेव्हां दोन ओळींच्या मध्यें ट्रंपेटांनीं सॅक्सोफोनांस दिलेलें उत्तर वाचकांनीं लक्षपूर्वक ऐकावें, आणि तें कोणाच्या हातचें आहे याची चौकशी करावी, एवढीच आमची विनंती आहे.