रुप्यावरचें सोनें

मराठवाड्यांत १९७२ चा दुष्काळ ज्या कुटुंबांनीं पाहिला, त्यांच्यांत मोडलेल्या दागिन्यांची एक तरी हकीगत सांगितली जाते. आमच्या घरची हकीगत पाटल्यांच्या एका जोडाची आहे. आमच्या आजीनें तो जोड परभणीच्या सराफ्यांत नेला. सराफानें कसोटीवर कस घेतला आणि समाधानानें मान डोलाविली. पण तराजूंत घालतांच त्याची मुद्रा बदलली. पाटली छेदून पाहिली, तों आंत पांढरें रुपें निघालें! जोड घडविणारा सोनार केव्हांच दिवंगत झाला होता. तरीही त्यानें आपणांस फसविलें, असें घरांत ठरलें व त्याची निंदा वर्षानुवर्षें चालली. या निंदेंत न्याय कितपत होता, हें पाहण्यासाठींच आम्ही या विषयाच्या इतिहासाकडे वळलों.

रुप्यावर सोनें चढविण्याची विद्या आपल्याकडे फार प्राचीन आहे. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं कौटिल्याचें अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केलें. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत अक्षशालेचा, म्हणजे राजाच्या सुवर्णशाळेचा, कारभार वर्णिला आहे. तांब्याची वस्तु समभाग सोन्यानें मढवावी आणि रुप्याची वस्तु निम्म्या सोन्यानें लेपावी, असें प्रमाणच तेथें घालून दिलें आहे. लागलीच पुढच्या अध्यायांत सोनाराच्या चोरीचे पांच मार्ग दिले असून त्यांपैकीं एकाचें नांव 'पेटक' असें आहे. शिशाच्या आकृतीवर सोन्याचा पत्रा आंतून चिकटवून ती सोन्याची म्हणून देणें, हा त्यांतलाच प्रकार. ताप, कस, नादाचा अभाव व ओरखडा यांवरून ही लबाडी ओळखावी, असेंही ग्रंथकार सांगतो. एकच कृति एका अध्यायांत कारागिरी ठरते व दुसऱ्यांत चोरी, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत घ्यावी. भेद पत्र्यांत नाहीं. घेणाऱ्यास आंतला धातु ठाऊक आहे कीं नाहीं, यांत तो आहे.

सोनें चढविण्याच्या रीति मुख्यतः तीन. पहिली पाऱ्याची. सोनें पाऱ्यांत कालवून तो लगदा रुप्यावर माखावयाचा आणि विस्तवावर पारा उडवून लावावयाचा. मागें राहिलेला निस्तेज थर अकीकाच्या ओपणीनें घांसला म्हणजे झळकूं लागतो. काम सुंदर, पण पाऱ्याची वाफ कारागिराच्या अंगांत भिनून त्याच्या जिवावर उठते.

दुसरी रीत पत्र्याची. हींत पारा नाहीं, डिंक नाहीं, डाखही नाहीं. रुपें पुनःपुन्हा तापवून आम्लांत उजळलें म्हणजे त्याच्या पृष्ठभागांतील तांब्याचा अंश निघून जातो व निर्भेळ रुपें वर येतें. मग सुमारें ३०० अंश सेल्सिअसच्या उष्णतेवर, म्हणजे रुपें वितळण्याच्या पुष्कळच अलीकडे, त्यावर चोख सोन्याचा पातळ पत्रा ओपणीनें दाबीत गेलें कीं दोन्ही धातूंचे कण एकमेकांत शिरतात व सांधा कायमचा होतो. कोरिया देशांत या कामास 'कुमबू' म्हणतात. आपल्याकडील कुंदनकामांतही शुद्ध सोन्याचा पत्रा खड्याभोवतीं नुसत्या दाबानें एकजीव होतो. तत्त्व त्याच जातीचें.

तिसरी रीत विजेची. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनीं १८४० सालीं तिचें पेटंट घेतलें आणि तेव्हांपासून अगदीं नांवापुरत्या सोन्यानेंही वस्तु पिवळी करतां येऊं लागली.

गोदाकांठीं या विद्येचें सर्वांत मोठें उदाहरण दागिन्यांत नसून वस्त्रांत आहे. पैठणीची जुनी जर म्हणजे सोन्याचें आवरण असलेली रुप्याची तार. रुप्याच्या कांडीवर सोन्याचा पत्रा गुंडाळून ती तापवीत व जंत्रीच्या उत्तरोत्तर लहान छिद्रांतून ओढीत नेत. कांडी केसासारखी बारीक होई, तरी सोनें तिला सोडीत नसे. पैठणाखालून हीच गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड या परभणी जिल्ह्यांतील तालुक्यांकडे येते. या मुलखांत पैठणी नेसलेल्या वधूचा पदर खोटा, असें कोणीं म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. कारण जरीच्या पोटांत रुपें असतें, हें जाणत्यांस ठाऊकच होतें.

शिवाय रुप्यावरील सोनें फार काळ लपूनही राहत नाहीं. सोन्याचें विशिष्ट गुरुत्व १९.३ आणि रुप्याचें १०.५. म्हणजे सोन्याच्या पाटलीएवढीच रुप्याची पाटली घडविली, तर ती निम्म्याहून किंचित् अधिक भरते. कसोटीस केवळ कातडें दिसतें, तराजूस पोट दिसतें. सरकारनेंही पुढें या व्यवहारांत हात घातला. १९६३ च्या जानेवारींतील सुवर्णनियंत्रणानें १४ कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली व असंख्य सोनारांची शेगडी थंडावली. १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० सालीं रद्द झाला. २००० सालापासून भारतीय मानक ब्यूरोचा शुद्धतेचा छाप आला आणि २०२१ पासून तो टप्प्याटप्प्यानें सक्तीचा झाला. कौटिल्याचाच हेतु येथें दिसतो: आंत काय आहे, तें घेणाऱ्यास कळावें.

आतां आमच्या पाटल्यांकडे वळूं. आजीच्या पश्चात् जुन्या पेटींत तिच्या लग्नाच्या खर्चाची याद सांपडली. निजामी अमलांतील ती याद. सर्व रकमा हाली रुपयांत. तींत पणजोबांच्या हातचा स्वच्छ मजकूर होता: पाटल्या जोड एक, रुपें पांच तोळे, सोनें एक तोळा, मजुरी निराळी. सोनारानें कांहींच लपविलें नव्हतें. त्यानें दोन्ही धातूंचे वजन सांगून दाम घेतले होते. लपविलें तें आमच्या घरानें. नव्या सुनेच्या हातांत तो जोड सोन्याचा म्हणून घातला गेला आणि पुढें चाळीस वर्षें तिला खरें सांगण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं. दुष्काळांत तें तराजूनें सांगितलें, तेव्हां दोष मात्र मेलेल्या कारागिराच्या माथीं गेला.

पणजोबांनाही आम्ही फार कठोर शब्द लावूं इच्छीत नाहीं. हातीं पैसा थोडा आणि चारचौघांत सून उघडी दिसूं नये ही इच्छा मोठी, अशी स्थिति अनेक मध्यम घरांची होती. परंतु त्या सोनाराचें काम चोख होतें व त्याचा व्यवहारही चोख होता, एवढें तरी आमच्या घरच्या मुलांनीं यापुढें ऐकावें.